खुळखुळे आणि ७६३ विनोद

'सम लाइक इट हॉट' (१९५९) या चित्रपटात एक प्रसंग आहे. बाईच्या वेशात लपून राहिलेला जॅक लेमन रात्रभर एका कोट्यधीश म्हाताऱ्याबरोबर टँगो नाचून खोलीवर परतलेला असतो. पलंगावर पडल्या पडल्या तो आपल्या मित्राला, म्हणजे टोनी कर्टिसला सांगतो, की लग्न ठरलं. मित्र विचारतो, नवरी कोण? तर नवरी हाच! प्रत्येक वाक्यानंतर लेमन हातातले दोन खुळखुळे वाजवतो, ठेका धरतो, स्वतःशीच गुणगुणतो आणि मग पुढचं वाक्य टाकतो. पहिल्यांदा पाहताना वाटतं, गडी रंगात आलाय. प्रत्यक्षात दिग्दर्शक बिली वाइल्डरने ते खुळखुळे हिशेबाने त्याच्या हातात दिले होते. इथे थिएटरात हशा उसळणार आणि त्या हशात पुढचं वाक्य बुडणार, हे त्याला ठाऊक होतं. नाटकातला नट हशा ओसरेपर्यंत थांबू शकतो. पडद्यावरच्या नटाला ती सोय नाही, त्याचं काम आधीच होऊन गेलेलं असतं. मग हशाला जागा ठेवायची, पण पडदा रिकामा दिसू द्यायचा नाही, तर नटाच्या हाताला काहीतरी चाळा हवा. वाइल्डर काही महिन्यांनंतरच्या, अनोळखी लोकांनी भरलेल्या अंधाऱ्या सभागृहातल्या हशाची जागा आखत होता.

आता पन्नासेक वर्षं पुढे येऊ. डिसेंबर २०१३मध्ये विनोदी नट विल फेरेलचा 'अँकरमन २' लागला. दोन-अडीच महिन्यांनी स्टुडिओने तोच चित्रपट पुन्हा थिएटरात आणला आणि जाहिरात केली, की यात ७६३ नवे विनोद आहेत. गोष्ट तीच, माणसं तीच, बहुतेक प्रसंग तेच. विनोदाची वाक्यं तेवढी दुसरी. चित्रीकरणाच्या वेळी नटांनी सुचेल ते इतकं बोलून ठेवलं होतं, की एका चित्रपटाच्या उरल्यासुरल्यातून दुसरा उभा राहिला. जाहिरात करणाऱ्यांना त्यात अभिमान वाटला असणार. मला ती कबुली वाटते. सातशे त्रेसष्ट विनोद उचलून तिथे दुसरे सातशे त्रेसष्ट बसवले आणि चित्रपटाचं काही बिघडलं नाही, तर त्यातला एकही तिथे असायलाच हवा होता असं म्हणता येत नाही. लेमनच्या हातातले खुळखुळे काढून बघा, अख्खा प्रसंग बसतो.

या दोन चित्रपटांच्या मधल्या काळात अमेरिकेचा मुख्य प्रवाहातला विनोदी चित्रपट घसरला, आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत तर तो तिकीटबारीवरून जवळजवळ उठूनच गेला. का, याची उत्तरं बरीच दिली जातात. 'आता लोकांना काही बोलायची सोय राहिली नाही' हे त्यातलं सगळ्यांत लाडकं. त्याच्याकडे येऊच. पण आधी एक गोष्ट मान्य करून टाकू. जुनं ते सगळं सोनं नव्हतं. १९८४ ते १९९४ या काळात 'पोलीस अकॅडमी' या नावाचे सात चित्रपट निघाले, त्यांतले पहिले सहा दर वर्षी एक या शिस्तीने. त्यांतला पहिला बरा म्हणावा, बाकीच्यांबद्दल बोलू नये. टाकाऊ विनोद तेव्हाही मुबलक होता. चांगलं जे होतं ते कसं घडत होतं आणि ती घडवण्याची पद्धत कुठे सुटली, एवढंच इथे पाहायचं आहे.

वाइल्डरच्या ऑफिसात भिंतीवर एक पाटी असे: 'लुबिशने हे कसं केलं असतं?' एर्न्स्ट लुबिश हा बर्लिनहून हॉलिवूडला आलेला दिग्दर्शक. त्याच्या 'द मेरी विडो' (१९३४) या चित्रपटातला एक प्रसंग वाइल्डर आयुष्यभर लोकांना सांगत राहिला. लठ्ठ राजा राणीच्या शयनगृहातून बाहेर पडतो. दाराशी पहाऱ्यावर असलेला देखणा अधिकारी सलाम ठोकतो आणि राजा वळल्यावर आत शिरतो. दार बंद होतं. राजा थोडा पुढे जातो, मग त्याच्या लक्षात येतं की आपला कमरपट्टा आणि तलवार आतच राहिली. तो परत फिरतो, आत जातो, दार पुन्हा बंद. आता आत काय गोंधळ उडाला असेल या कल्पनेने प्रेक्षक श्वास रोखून बसतो. पण राजा हसतमुखाने, पट्टा हातात घेऊन बाहेर येतो. त्याला काही दिसलेलंच नाही. चालता चालता तो पट्टा बांधायला लागतो आणि तो कमरेभोवती पुरत नाही. त्या अरुंद पट्ट्याकडे तो बघत राहतो. मग वळतो.

संवाद जवळपास नाही, शयनगृहात कॅमेरा शिरत नाही, अंगविक्षेप नाहीत. दोन आणि दोन पडद्यावर मांडले, चार प्रेक्षकाने करायचे. हसू येतं ते त्या चाराचं, आणि ते आपलं आपल्याला सुचलं म्हणून जास्त येतं. तीसच्या दशकात अमेरिकेत सेन्सॉरची नियमावली कडक झाली तेव्हा हीच युक्ती कामी आली. उघड बोलता येत नव्हतं म्हणून दारं बंद झाली आणि बंद दारांनी जे सांगितलं ते उघड्या दारांना कधी सांगता आलं नाही.

आता हा हिशेब बरोबर आला की चुकला, हे आधी कळायचं कसं? त्या काळी याचं उत्तर सरळ होतं: माणसांसमोर करून बघायचं. मार्क्स बंधू हे विनोदी नट मुळातले रंगमंचावरचे. १९३५ सालच्या 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा'च्या वेळी एमजीएमचा निर्माता आयर्विंग थालबर्ग याने त्यांना आधी दौऱ्यावर पाठवलं. चित्रपटातले निवडक प्रसंग त्यांनी अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या शहरांत प्रेक्षकांसमोर करून दाखवले. लेखक सभागृहात बसून कुठलं वाक्य पडतं, कुठलं उचललं जातं, हशा किती वेळ टिकतो याच्या नोंदी घेत. जे पडलं ते फेकलं, जे उचललं गेलं त्याच्यामागे तेवढी जागा ठेवली, आणि मग कॅमेरा लावला. पन्नासाव्या प्रयोगाला नाटक कसं बसतं हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको.

ही परंपरा तिथे बराच काळ टिकली. शिकागोत १९५९ साली 'सेकंड सिटी' हे रंगमंचीय विनोदाचं केंद्र सुरू झालं, लॉस एंजेलिसमध्ये १९७४ साली 'ग्राउंडलिंग्ज', न्यूयॉर्कमध्ये १९७५ साली टीव्हीवरचा 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'. पुढच्या चाळीस वर्षांतले विनोदी नट बहुतेक याच तालमींतून आले. झुकर बंधू आणि जिम अब्राहम्स यांनी तर विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन गावात स्वतःचंच थिएटर काढलं होतं. रात्रीबेरात्री टीव्हीवर लागणाऱ्या जाहिरातींची थट्टा करण्यासाठी ते व्हिडिओ रेकॉर्डर चालू ठेवून झोपत. अशाच एका रात्री त्यांच्या जाळ्यात 'झीरो अवर!' (१९५७) हा अत्यंत गंभीर चित्रपट सापडला: विमानात अन्नातून विषबाधा होते, वैमानिक आडवे होतात, युद्धाच्या आठवणींनी खचलेला एक प्रवासी विमान उतरवतो. त्यांनी त्याचे रीतसर हक्क विकत घेतले, सांगाडा जवळपास तसाच ठेवला, आणि त्यातून 'एअरप्लेन!' (१९८०) निघाला.

'एअरप्लेन!'चं मर्म पात्रनिवडीत आहे. स्टुडिओला विनोदी नट हवे होते. या तिघांनी हट्टाने रॉबर्ट स्टॅक, लॉइड ब्रिजेस, पीटर ग्रेव्हज आणि लेस्ली नील्सन घेतले, म्हणजे आयुष्यभर करारी चेहऱ्याने पोलीस, लष्करी अधिकारी, डॉक्टर करणारी माणसं. नील्सन 'द पोसायडन अ‍ॅडव्हेंचर'मध्ये (१९७२) बुडत्या जहाजाचा कप्तान होता. त्याच गंभीर आवाजात त्याने इथे अद्वातद्वा वाक्यं म्हटली. संगीत एल्मर बर्नस्टाइनचं, ज्याने 'द टेन कमांडमेंट्स'ला संगीत दिलं होतं. आपण विनोदी चित्रपटात आहोत हे पडद्यावरच्या एकालाही माहीत नाही, आणि मागे बसलेल्या वादकांनाही नाही. सुमारे साडेतीन कोटी... छे, कोटी नव्हे, पस्तीस लाख डॉलरांत केलेल्या या चित्रपटाने एकट्या उत्तर अमेरिकेत आठ कोटींवर गल्ला जमवला. आज हा आकडा वाचूनच निर्मात्याला भोवळ येईल.

विडंबनाचं पुढे काय झालं, हे पाहिलं की घसरण किती सरळ रेषेत झाली ते कळतं. 'डेट मूव्ही' (२००६), 'एपिक मूव्ही' (२००७), 'मीट द स्पार्टन्स' (२००८), 'डिझास्टर मूव्ही' (२००८) ही जेसन फ्रीडबर्ग आणि एरन सेल्त्झर या जोडीची रांग. यांतला विनोद असा: गाजलेल्या चित्रपटातल्या पात्रासारखे कपडे घातलेला माणूस येतो, आपण कोण ते सांगतो, आणि पडतो किंवा त्याच्या डोक्यात काहीतरी आपटतं. प्रेक्षकाने ओळखायचं, एवढंच त्याचं काम. 'झीरो अवर!' कुणीही पाहिलेला नसला तरी 'एअरप्लेन!' पाहून माणूस गडबडा लोळतो. या जोडीच्या चित्रपटांमधली निम्मी माणसं कोण आहेत हे आता वीस वर्षांनी आठवतही नाही. गंमत म्हणजे 'एपिक मूव्ही' आणि 'मीट द स्पार्टन्स' दोन्ही प्रदर्शित झाले त्या आठवड्यात अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. स्टुडिओंनी त्यातून धडा घेतला, तो अर्थातच चुकीचा.

पण हे गाळातले चित्रपट झाले. खरा बदल वरच्या थरात झाला, आणि तो करणारी माणसं हुशार होती.

२००४ ते २०११ हा काळ दिग्दर्शक जड अपातोव्ह आणि अ‍ॅडम मॅके यांचा. 'अँकरमन' (२००४), 'द फोर्टी-इयर-ओल्ड व्हर्जिन' (२००५), 'नॉक्ड अप' (२००७), 'सुपरबॅड' (२००७), 'ब्राइड्समेड्स' (२०११). यांतले दोन-तीन उत्तम आहेत, त्यात वाद नाही. यांची पद्धत अशी: पटकथा लिहायची, प्रसंग लिहिल्याप्रमाणे एकदा-दोनदा घ्यायचा, आणि मग नटांना मोकळं सोडायचं. कॅमेरा चालूच. दिग्दर्शक मॉनिटरमागून नवी वाक्यं सुचवणार, नट त्यात भर घालणार, आणि एकेका वाक्याची पंधरा-वीस रूपं संकलकाच्या टेबलावर जाऊन पडणार. पूर्वी ३५ मिलिमीटर फिल्मचं एक हजार फुटी रीळ अकरा मिनिटांत संपायचं, आणि नुसतं संपायचं नाही, पैसे खायचं. डिजिटल कॅमेरे आले आणि तोही धाक गेला. पहिल्या 'अँकरमन'मध्ये गाळलेलं इतकं उरलं, की त्यातून 'वेक अप, रॉन बर्गंडी' नावाचा एक आणखी पूर्ण लांबीचा चित्रपट डीव्हीडीवर काढला.

उत्स्फूर्त बोलण्याची किंमत आधी कॅमेऱ्याने मोजली. नट काय बोलणार हे ठाऊक नाही, म्हणजे तो कुठे उभा राहील, कधी वळेल हेही ठाऊक नाही. मग सुरक्षित मार्ग एकच: दोघांना समोरासमोर उभं करा किंवा बसवा, दोन कॅमेरे लावा, सगळीकडे सारखा प्रकाश पाडा. लुबिशचं दार, अरुंद पट्टा, चौकटीच्या कडेने हळूच आत येणारी वस्तू, हे सगळं आधी ठरवावं लागतं. ते गेलं. उरली बोलणारी डोकी. दुसरी किंमत लांबीची. मार्क्स बंधूंचा 'डक सूप' (१९३३) सत्तर मिनिटांच्या आत संपतो. 'एअरप्लेन!' ८८ मिनिटांचा. अपातोव्हचा 'फनी पीपल' (२००९) जवळपास अडीच तास चालतो. नट रंगात आलेत, तोडवत नाही, अशी ही गत. पाल्हाळ हा विनोदाचा सगळ्यांत जुना शत्रू आणि इथे त्याला घरात घेऊन पाट मांडला.

ही पद्धत मुळातच वाईट, असं मात्र नाही. 'द फोर्टी-इयर-ओल्ड व्हर्जिन'मध्ये स्टीव्ह कॅरेल छातीवरचे केस मेण लावून उपटून घेतो तो प्रसंग खरा आहे. मेण खरं, केस त्याचे, कळ खरी. पाच कॅमेरे लावले होते, कारण दुसरा टेक शक्यच नव्हता. तो कळवळून जे ओरडला ते त्या क्षणाला सुचेल ते, आणि शेजारी उभ्या असलेल्या मित्रांचं हसूही आवरता न आलेलं, खरं. उत्स्फूर्तता इथे अफाट चालली. पण का चालली ते पाहा. टेक एकच होता, आणि काय घडणार हे पक्कं होतं. मागून आलेल्यांनी त्यातलं मोकाट बोलणं तेवढं उचललं.

'ब्राइड्समेड्स' टिकला तोही पटकथेवर. क्रिस्टन विग आणि अ‍ॅनी मुमोलो या दोघींच्या त्या लेखनाला ऑस्करचं नामांकन मिळालं. मैत्रीण लग्न करून निघाली आहे आणि आपण मागे पडतोय, ही बोच त्यातल्या प्रत्येक वात्रटपणाच्या खाली आहे.

आता पैशाकडे वळू, कारण कला बिघडली तरी धंदा चालू राहतो. धंदा बिघडला की मात्र दुकानच बंद होतं.

विनोदी चित्रपट हा हॉलिवूडसाठी पिढ्यान्‌पिढ्या हुकमी माल होता. फार खर्च नाही, आणि लागला तर सुटी-सणाला वर्षानुवर्षं चालणार. 'होम अलोन' (१९९०) १.८ कोटी डॉलरांत झाला आणि त्याने जगभरात ४७ कोटींहून अधिक कमावले. 'द हँगओव्हर' (२००९) साडेतीन कोटींत होऊन ४६ कोटींवर गेला. आणि जो थिएटरात चालला नाही त्याला दुसरा जन्म मिळायचा. माइक मायर्सच्या पहिल्या 'ऑस्टिन पॉवर्स'ने (१९९७) अमेरिकेतल्या थिएटरांत सुमारे ५.४ कोटी मिळवले, म्हणजे ठीकठाक. मग लोकांनी तो घरी भाड्याने आणून पाहिला, वाक्यं पाठ केली, एकमेकांना ऐकवली. दोन वर्षांनी दुसरा भाग लागला तेव्हा पहिल्याने सगळ्या मुक्कामात जेवढं कमावलं होतं त्याहून जास्त याने पहिल्या शनिवार-रविवारातच कमावलं. हे व्हिडिओने घडवलं. विनोदी चित्रपट लोक पुन्हा पुन्हा पाहतात, म्हणून तो विकत घेऊन कपाटात ठेवतात, आणि त्या विक्रीच्या भरवशावर निर्माता थोडा वेडेपणा करायला धजावतो.

डीव्हीडीचा धंदा २००५च्या आसपास शिखरावर होता. तिथून तो उतरत गेला आणि स्ट्रीमिंग आल्यावर झोपला. नट मॅट डेमनने २०२१ साली एका मुलाखतीत हा हिशेब फार सोपा करून सांगितला. अडीच कोटी डॉलरांचा चित्रपट. तेवढेच जाहिरातीला आणि वितरणाला. झाले पाच कोटी. तिकिटाच्या पैशात थिएटरवाल्याचा साधारण निम्मा वाटा. म्हणजे दहा कोटींचा गल्ला झाल्याशिवाय एक डॉलरही सुटत नाही. पूर्वी डीव्हीडी येऊन उरलेलं भरून काढायची. आता तो आधार नाही, तेव्हा असा चित्रपट करायलाच कुणी तयार नाही. त्याचं बोलणं एका गंभीर चित्रपटाबद्दल चाललं होतं, पण मध्यम खर्चाच्या विनोदी चित्रपटाला ते शब्दशः लागू पडतं.

दुसरा घाव परदेशातून बसला. एकविसाव्या शतकात हॉलिवूडची निम्म्याहून जास्त कमाई अमेरिकेबाहेर होऊ लागली, आणि बोलघेवडा विनोद सीमा ओलांडत नाही. 'टॅलाडेगा नाइट्स'ने (२००६) जगभरात मिळवलेल्या १६.३ कोटींपैकी १४.८ कोटी उत्तर अमेरिकेतले. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या मोटारशर्यतींच्या, तिथल्या लोकांच्या देवभोळ्या फुशारकीच्या थट्टेला नागपूरच्या नाहीतर नैरोबीच्या माणसाने काय म्हणून हसावं? अंगाने केलेल्या विनोदाला मात्र पासपोर्ट लागत नाही, याचा पुरावा आपल्याच घरात आहे. 'बेबीज डे आउट' (१९९४) अमेरिकेत साफ आपटला. भारतात त्याने थिएटरं भरली, मग तो केबलवर वर्षानुवर्षं घरोघरी चालला, आणि १९९५ साली तेलुगूत त्याचा 'सिसिंद्री' झाला. मराठी घरांतली एक अख्खी पिढी गोरिलाच्या मांडीवर बसलेल्या त्या बाळाला ओळखते. अपातोव्हचं नाव त्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल, शंकाच आहे. स्टुडिओंनी मात्र यावरून मूकपटांच्या काळातल्या कीटनकडे किंवा चॅप्लिनकडे परत जायचं ठरवलं नाही. त्यांनी सुपरहीरो आणले.

आणि विनोद सुपरहीरोंच्या पोटात गेला. 'थॉर: रॅग्नारॉक' (२०१७), 'डेडपूल' (२०१६) हे अर्धेअधिक विनोदी चित्रपट आहेत. पण तिथला विनोद तोंडी लावण्यापुरता. जीव धोक्यात आहे, शहर कोसळतंय, आणि नायक एक कोटी करतो, म्हणजे प्रेक्षकाला कळतं की फार मनावर घ्यायचं नाही. विनोदाने गोष्ट पुढे सरकत नाही, तिच्यातली हवा तेवढी जाते. प्रकारांची ही सरमिसळ किती झाली म्हणावी? मंगळावर एकटा अडकलेल्या अंतराळवीराचा 'द मार्शन' २०१६च्या जानेवारीत गोल्डन ग्लोबच्या 'संगीतमय किंवा विनोदी' गटात सर्वोत्कृष्ट ठरला. टीव्हीवर तर स्वयंपाकघरातल्या ताणाने घाम फोडणारी 'द बेअर' ही मालिका विनोदी म्हणून एमी घेऊन गेली. खुद्द बक्षीस देणाऱ्यांनाच विनोद ओळखू येईनासा झाला, असं म्हणायला जागा आहे.

आता त्या लाडक्या उत्तराकडे. 'द हँगओव्हर'चा दिग्दर्शक टॉड फिलिप्स २०१९ साली म्हणाला, की हल्लीच्या वातावरणात विनोदी चित्रपट करणं अवघड झालंय, कुणीतरी दुखावतंच, म्हणून आपण तो नाद सोडला. त्याने 'जोकर' केला आणि शंभर कोटी डॉलर कमावले. यात थोडं तथ्य आहे. परक्यांच्या उच्चारांवर, पुरुषी बायकांवर, लठ्ठ माणसांवर झोडपाझोडपी करून मिळणारा फुकटचा हशा आता मिळत नाही. पण फुकटचा हशा बंद झाला म्हणून धंदा बसला, असं ज्याला म्हणावं लागतं त्याचा माल आधीच हलका होता. नाचता येईना आणि अंगण वाकडं. 'ब्लेझिंग सॅडल्स' (१९७४) आज कुणी करू देणार नाही, हे वाक्य दर चार दिवसांनी कुणीतरी म्हणतं. तो तेव्हाही कुणी करू देत नव्हतं! स्टुडिओच्या वरिष्ठांनी मेल ब्रूक्सला काय काय कापायचं याची यादी दिली होती. अंतिम संकलनाचा हक्क करारात त्याच्याकडे होता, म्हणून त्याने ती यादी कचऱ्यात टाकली. वंशद्वेषावरच्या त्या चित्रपटाच्या लेखकांत रिचर्ड प्रायर हा कृष्णवर्णीय विनोदवीर होता, आणि थट्टेचा रोख द्वेष करणाऱ्यांवर होता. पाठीशी करार आणि डोक्यात रोख, हे दोन्ही असेल तर आजही चालतं. २०२४ सालचा 'डेडपूल अँड वुल्व्हरिन' तोंडाने अत्यंत घाणेरडा, फक्त प्रौढांसाठीचा चित्रपट. त्याने जगभरात १३० कोटींहून अधिक कमावले. कुठे कुणाचा हात धरला?

फिलिप्स गेला यापेक्षा किती जण गेले, हे जास्त बोलकं आहे. 'अँकरमन'वाला मॅके 'द बिग शॉर्ट'कडे (२०१५) गेला आणि पटकथेचं ऑस्कर घेऊन आला. 'डंब अँड डंबर'वाला पीटर फॅरेली 'ग्रीन बुक'कडे (२०१८) गेला, तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. 'हँगओव्हर'च्या दुसऱ्या-तिसऱ्या भागांचा आणि 'स्केरी मूव्ही'च्या तिसऱ्या-चौथ्याचा एक लेखक क्रेग मेझिन, त्याने पुढे 'चेर्नोबिल' (२०१९) ही गंभीर मालिका लिहिली, आणि ती त्याच माणसाने लिहिली यावर आजही लोकांचा विश्वास बसत नाही. टीव्हीवर प्रहसनं करणाऱ्या जॉर्डन पीलने 'गेट आउट' (२०१७) हा भयपट काढला: खर्च ४५ लाख, कमाई २५ कोटींवर. यातला प्रत्येक जण विनोदात तयार झालेला. वेळ साधणं, प्रेक्षकाला एका बाजूला बघायला लावून दुसरीकडून गाठणं, हे त्यांनी तिथेच कमावलं आणि दुसरीकडे नेऊन वापरलं.

त्यातही भयपट टिकला आणि विनोदी चित्रपट उठला, याचं कारण विचार करण्यासारखं आहे. दोन्ही स्वस्त, दोन्हींना अंधारात एकत्र बसलेली माणसं लागतात. भीती वाटायला लोक अजून थिएटरात जातात. हसायला मात्र घरीच बसतात, असं स्टुडिओंनी ठरवून टाकलं.

आणि घरी बसवलं ते कुणी? २०१४ साली नेटफ्लिक्सने विनोदी नट अ‍ॅडम सँडलरशी चार चित्रपटांचा करार केला. पहिला 'द रिडिक्युलस सिक्स' (२०१५). समीक्षकांनी तो एकमुखाने झोडपला. नेटफ्लिक्सने जाहीर केलं, की आमच्याकडे पहिल्या महिन्यात इतका कुठलाच चित्रपट पाहिला गेला नव्हता. दोन्ही खरं असू शकतं. महिन्याची वर्गणी भरलेली आहे, बटण दाबलं, चालू झाला. हसू आलं नाही म्हणून उठून जायला कुणी खुर्चीवर बसलेलंच नसतं. भाजी निवडता निवडता, फोन बघता बघता चित्रपट पार पडतो. कुठला हशा किती वेळ टिकला, हे मोजायला लेखकापुढे सभागृहच नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन याने माणसं कधी हसतात याच्या नोंदी वर्षानुवर्षं घेतल्या. एकट्यापेक्षा दुसऱ्यांच्या सहवासात माणूस सुमारे तीसपट जास्त हसतो, असं त्याला आढळलं. म्हणजे तोच चित्रपट, तेच वाक्य, पण भरल्या सभागृहात तो विनोद असतो आणि सोफ्यावर नुसती माहिती. वाइल्डर ज्या हशासाठी जागा ठेवत होता तो आता येणारच नसेल, तर जागा कोण ठेवेल आणि कशाला?

२०२५च्या जुलै-ऑगस्टात एका आठवड्याच्या अंतराने दोन जुनी नावं परत आली. सँडलरचा 'हॅपी गिलमोर २' नेटफ्लिक्सवर, आणि लियाम नीसनला घेऊन केलेला 'द नेकेड गन' थिएटरांत. पहिल्यात १९९६च्या मूळ चित्रपटाचे तुकडे दर थोड्या वेळाने दाखवतात, आठवण करून द्यायला. पाहुणे कलाकार रांगेने येऊन हात हलवून जातात. तो पहिल्या तीन दिवसांत साडेचार कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला, असं नेटफ्लिक्स सांगतं. दुसरा ८५ मिनिटांचा. नीसनचा आवाज करारी, आपण विनोदी चित्रपटात आहोत याचा त्याला पत्ता नाही, चौकटीच्या कोपऱ्याकोपऱ्यात काहीतरी घडत असतं. मूळ चित्रपटातल्या लेस्ली नील्सनची खुर्ची त्याने राखली. याला खर्च सुमारे ४.२ कोटी आला आणि जगभरातून आले सुमारे १० कोटी. डेमनचा हिशेब लावून पाहा, पुरत नाहीत.

त्याआधी 'एनीवन बट यू' (डिसेंबर २०२३) हा अडीच कोटींचा प्रेमविनोद पहिल्या शनिवार-रविवारी जेमतेम ६० लाखांवर उघडला होता. स्टुडिओने तो काढून घेतला नाही, थिएटरात राहू दिला. एकीने दुसरीला सांगितलं, आणि तो २२ कोटींपर्यंत गेला. चित्रपट मध्यम आहे. पण प्रेक्षक हसायला घराबाहेर पडतच नाही, हे म्हणणं त्याने खोटं पाडलं.

या प्रकरणातल्या चित्रपटांपैकी एकच पाहायचा असेल तर 'एअरप्लेन!' पाहा. तो दीड तासात संपतो आणि 'झीरो अवर!' पाहिलेला असायची गरज नाही. फक्त एकट्याने पाहू नका, घरातली आणि शेजारची मिळून पाचसहा माणसं तरी गोळा करा, आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगा.